वेग बरोबर, दिशा चूक

भूकंप झाला त्या पहाटे अख्ख्या लातुरात सगळ्यात आधी घराबाहेर पडलेला माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता, आणि याबाबतीत दुसऱ्या कुणाचाही दावा ऐकून घ्यायला मी तयार नाही. ते आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. जमीन हलली तेव्हा पलंग कोण हलवतंय म्हणून मी आमच्या हिच्यावर खेकसत होतो. तेवढ्या वेळात सर लुंगी-बनियनवर फाटक ओलांडून, गल्ली संपवून, पार चौकात पोचलेही होते. चौकात पोचल्यावर त्यांना आठवलं की आपलं लग्न झालेलं आहे. ते धापा टाकत उलटे आले तेव्हा वहिनी अंगावर शाल घेऊन पायरीवर उभ्या होत्या. दाराला कुलूप लावून झालं होतं आणि ते नीट बसलं की नाही हे त्या ओढून बघत होत्या. गल्लीत आम्ही सगळे थरथरत उभे. वहिनींनी सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "वेग बरोबर होता तुमचा. दिशा चुकली."

वहिनी शिकलेल्या बेताच्याच, पण सरांची शिकवणी पुढच्या खोलीत आणि स्वयंपाकघर मागच्या, त्यामुळे फोडणी देता देता त्यांचं निम्मं फिजिक्स झालेलं होतं. त्या दिवशी उजाडल्यावर आमच्याच जिल्ह्यातली गावंच्या गावं मातीखाली गेल्याचं कळत गेलं आणि पुढे कित्येक दिवस कुणाच्या तोंडावर हसू आलं नाही. पण माणसं किती दिवस तशी राहणार? कधीतरी हसायला काहीतरी लागतंच, आणि आमच्या गल्लीला ते वहिनींनी पुरवलं. हळदीकुंकू असो, बारसं असो, नाहीतर कुणाच्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे असोत, वहिनी ती पहाट साभिनय सांगायच्या आणि शेवटी सरांकडे बोट करून म्हणायच्या, "असा आमचा पळपुटा!" सर चहाच्या कपात बघत बसायचे. मी भाषेचा माणूस, म्हणून एकदा त्यांची बाजू घ्यायला गेलो. म्हटलं, वहिनी, आपल्याकडे माणूस धावत नाहीच, पळतोच. शर्यतीत पळणं वेगळं आणि सोडून पळणं वेगळं. त्या म्हणाल्या, "भावजी, मी घरात होते. मला म्हाईत हाय कोणतं पळणं होतं ते." यावर व्याकरणात उत्तर नाही.

सरांनी मात्र त्या पहाटेपासून कुठल्याही छताशी सलोखा केला नाही. लग्नाला गेले तरी ते चपलांच्या ढिगाशेजारची खुर्ची धरायचे. त्यामुळे गर्दीत चपला हरवलेले लोक हक्काने त्यांनाच जाब विचारत. झोपताना बूट उशाशी, तेही नाडी सैल करून, तोंड दाराकडे. कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत असली की यजमान फरशी दाखवायचे आणि हे मान वर करून तुळया मोजायचे. मी एकदा म्हटलं, अहो, आताची बांधकामं पक्की असतात, थोडा विश्वास ठेवा. "मराठीवाले," ते म्हणाले (स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांना विषयानेच हाक मारायचो), "माझा स्लॅबवर लई विश्वास हाय. स्लॅबचा माझ्यावर न्हाई."

याच भीतीपोटी त्यांनी शिकवणी घरातून उचलली आणि मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड ठोकलं, तिन्ही बाजूंनी दारं ठेवून. पावसाळ्यात पत्र्यावर असा ताशा वाजायचा की सरांचा शब्द पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. मग ते मुकाट्याने फळा भरत, मुलं मुकाट्याने उतरवून घेत, आणि ऐकण्याचा व्यत्यय नसल्यामुळे की काय, मुलांना धो धो मार्क पडायला लागले. हाच काळ लातुरात क्लासचं पीक येण्याचा. निकाल लागला आणि पालकांनी सरांच्या यशाचं रहस्य शोधून काढलं. पत्रा! देगलूरपासून शिरूर अनंतपाळपर्यंतचे बाप मुलाचा हात धरून गल्लीच्या तोंडाशी विचारायचे, "पत्र्याचाच क्लास हाय न्हवं? स्लॅबचा न्हाई न्हवं?" दोन-चार वर्षांत शेजारच्या बायोलॉजीवाल्याने आपला चांगला सिमेंटचा हॉल पाडून वर पत्रे टाकले. मराठीची शिकवणी कुणी लावत नसल्यामुळे माझं छत तेवढं शाबूत राहिलं.

सर निवृत्त झाले, एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि ज्या उन्हाळ्यात आमच्या शहराला प्यायचं पाणी रेल्वेने आलं त्याच उन्हाळ्यात वहिनींच्या छातीत गाठ निघाली. उपचार हैदराबादला. वहिनी मूळच्या देगलूरच्या, तेलुगू घरच्यासारखी बोलायच्या. तिथल्या नर्सबाईंना त्यांनी दोन दिवसांत नावानिशी ओळखून घेतलं, आणि सर मात्र दाराजवळच्या खुर्चीवर बूट घालून बसलेले. डॉक्टरांना त्यांनी एकच प्रश्न विचारला, हे होतंच का? डॉक्टर भला माणूस. त्याने सांगितलं की काही गोष्टी कळल्यात, बऱ्याच अजून कळायच्यात, संशोधन चालू आहे. सरांना हा धक्काच होता. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं पाहिलं होतं. रात्रभर बसने परत येऊन ते थेट माझ्याकडे आले आणि पिशवी खाली न ठेवता म्हणाले, "मराठीवाले, ह्यांचा अजून पोर्शनच संपला न्हाई! आणि परीक्षा माझ्या बायकोची घेऊन राहिले!"

त्यामुळे पुढच्या वर्षी नांदेडच्या काही डॉक्टर मंडळींनी कॅन्सर संशोधनाच्या मदतीसाठी ट्रायथलॉन ठेवली तेव्हा जे झालं ते अटळच होतं. त्यातले दोघे-तिघे सरांच्याच पत्र्याखाली वाढलेले. त्यांनी सरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. सरांनी शाल-श्रीफळ नाकारलं आणि स्पर्धकांत नाव घातलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि प्रत्येकाने आपापल्या ओळखीतून देणगी जमवायची. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. औषधांनी केस गेल्यामुळे डोक्याला रुमाल बांधलेला होता, तो सारखा करत त्या म्हणाल्या, "पळायचं तर येतंच की तुमाला. बाकीचं दोन शिका."

देणगीचं काम सरांना सगळ्यात सोपं गेलं. जगभर पसरलेल्या विद्यार्थ्यांना ते फोन करायचे आणि तिकडचा हृदयरोगतज्ज्ञ 'सर, कसे आहात' म्हणेपर्यंत विचारायचे, "तुझ्या हातून प्रोजेक्टाइलचं गणित कधी सुटलं न्हाई. पैसा तरी सुटू दे आता." सुटायचा. सायकलीला हेल्मेट सक्तीचं होतं, तर त्यांनी बांधकामावरचं पिवळं हेल्मेट आणलं. माझ्या मते ते त्यांच्याकडे आधीपासूनच होतं. क्लास सुटायच्या वेळी ते हेल्मेट घालून सर घंटी वाजवत निघाले की मुलांना वाटायचं, कुणीतरी पुन्हा हॉल पाडायला घेतलाय.

खरी पंचाईत पोहण्याची. पहिला महिना ते टीपॉयवर पालथे पडून हात मारत होते आणि वहिनी त्यांच्याखालून पेपर ओढून काढत. पाऊस चांगला झाला, विहिरी भरल्या, मग शिरूर अनंतपाळला एका विद्यार्थ्याच्या शेतात आमची दर रविवारची वारी सुरू झाली. म्हणजे गाडी चालवायला मी, थर्मास आणि छत्री घेऊन काठावर वहिनी, आणि पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून सर. आधी त्यांनी विहिरीच्या दगडी बांधकामाला कुठे चीर गेलीय का ते चारी बाजूंनी बघितलं. मग जमलेल्या शेतकऱ्यांना पाण्याचं प्लावक बल समजावून सांगितलं, डबा का तरंगतो, माणूस का बुडत नाही, सगळं. ते सगळे अदबीने ऐकून घेत होते आणि सर काही पाण्यात उतरत नव्हते. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "विहिरीला दार न्हाई हो." मला हसू फुटलं, पण त्यांचे हात खरोखर थंडगार पडले होते. वहिनींनी काठावरून पाहिलं. "अहो, म्या हाय इथं," त्या ओरडल्या, "मारा उडी! खाली जायचं काम गुरुत्वाकर्षण करतंय, तुमाला निस्तं वर यायचंय!" सरांनी डोळे मिटले आणि उडी मारली. दिवाळीपर्यंत त्यांचा डबा सुटला. ते बेडकासारखे पोहायचे, म्हणजे तसं ते स्वतः म्हणायचे. बेडकांचं मत मी विचारलेलं नाही.

पळण्याचा सराव मात्र विचित्र होता. लातूरला पळायला रस्ते कमी नाहीत, पण सर आपल्या दारापासून चौकापर्यंत जायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. दार, चौक, दार, चौक, असे हेलपाटे. चौकापलीकडे एक पाऊल नाही. दूधवाल्याला वाटलं, यांची काही वस्तू हरवली. मी एकदा म्हटलं, सर, जरा लांब जा की, दम वाढेल. त्यांनी पायरीवर चहा पीत बसलेल्या वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथनं दिसतंय की."

स्पर्धेच्या सकाळी आम्ही वहिनींना गाडीत मागे उशा लावून नांदेडला नेलं. औषधांचा नवा फेरा नुकताच झाला होता. येऊ नका असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. पोहण्याच्या तलावात सरांचा हात पलीकडच्या भिंतीला लागला तोवर बाकीच्यांचे केस वाळले होते. विष्णुपुरीच्या रस्त्याला पिवळं हेल्मेट दिसलं की इंजिनिअरिंगची पोरं शिट्ट्या मारत होती आणि सर प्रत्येक शिट्टीला हात जोडत होते. शेवटचं पळणं सुरू झालं तेव्हा ऊन चढलं होतं. शेवटच्या वळणाजवळ लिंबाच्या सावलीत आम्ही वहिनींची खुर्ची मांडली होती. तिथून पुढे संपायची रेष दिसायची. स्पर्धक एकेक करून गेले, मंडपवाले दोऱ्या सोडायला लागले, आणि मग एकटे सर आले. लाल झालेले, पण पाय चालू. विद्यार्थी डॉक्टर रेषेपाशी टाळ्या वाजवायला लागले.

वहिनींचे डोळे मिटलेले होते, मान एका बाजूला कललेली. सरांनी ते पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले. खुर्चीपाशी उकिडवे बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. तिकडून पोरं ओरडत होती, "सर, आलंच! थोडंच राहिलं!" सरांचं लक्षच नव्हतं. वहिनींनी डोळे उघडले.

"थांबले कामून?"

"तुला बरं न्हाई."

"डोळा लागला हो जरा. सावली गार हाय."

"मी न्हाई जात," सर म्हणाले. "एकदा तुला सोडून पळालो तेवढं बास झालं."

इतक्या वर्षांत त्या पहाटेबद्दल सरांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. हळदीकुंकवातल्या त्या सगळ्या हसण्याखाली ते हे घेऊन बसले होते, हे मला शेजारी राहून कळलं नव्हतं. वहिनींनाही नसावं. त्यांनी पदराने सरांचं तोंड पुसलं.

"चौकापर्यंतच गेले होते की," त्या हळूच म्हणाल्या. "माघारी आले न्हाई का? पडत्या घराकडं माघारी आले. ते काय मी सांगत न्हाई कुणाला, सांगितलं तर मजा जाईल." मग त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "उठा. दिशा बरोबर हाय आज. पळा! मी कुलूप लावून येते मागनं."

सर उठले आणि पळाले. शपथेवर सांगतो, भूकंपाच्या पहाटेनंतर मी तो वेग पुन्हा त्या दिवशीच पाहिला. रेष ओलांडून ते थांबलेच नाहीत, वळले आणि त्याच वेगाने खुर्चीपर्यंत परत आले. पदक घेऊन एक डॉक्टर त्यांच्यामागे पळत आला आणि त्याने ते वहिनींच्याच गळ्यात घातलं. परतीच्या वाटेवर त्या ते पदक गळ्यात घालूनच झोपल्या होत्या.

त्यानंतर दीडेक वर्षाने वहिनी गेल्या. त्या घरातून सरांच्या आधी बाहेर पडायची त्यांची ती पहिलीच वेळ.

आता गल्लीत पळपुटा म्हणणारं कुणी उरलेलं नाही आणि मला मेल्याला तो शब्द तोंडातून काढवत नाही. सर अजून नांदेडला जातात, विद्यार्थ्यांना फोन करून अजून धाक घालतात, संशोधकांचा पोर्शन कुठवर आला याची माझ्याकडे चौकशी करतात, जणू मराठीवाल्यांना ते आधी कळतं. सकाळी आम्ही दोघं फिरायला निघतो. हल्ली ते चौकापलीकडे येतात. मी फाटकाशी उभा असतो. सर बूट घालून पायरीवर येतात, आणि मग वळून आत बघतात. बराच वेळ बघतात. आधी मी हाक मारायचो, आता मारत नाही. शेवटी ते दार ओढतात आणि कुलूप हातात घेऊन, माझ्याकडे न बघताच म्हणतात, "तुमी व्हा पुढं. मी कुलूप लावून येतो."