हद्दीपलीकडची रेंज

मी ई-सेवा केंद्र चालवते. खर्ड्याच्या पुढे आमचं गाव, गावात एस.टी.च्या थांब्यासमोर माझा दहा बाय दहाचा गाळा, आणि गाळ्यात एक कॉम्प्युटर, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि माझी जीभ. जीभ जरा तिखट आहे असं गाव म्हणतं. म्हणू दे. चार वेळा बजावूनही जे आधारकार्ड घरी विसरून येतात, त्यांच्याशी गोड बोलायला मी काही लग्नातली करवली नाही.

हा प्रसंग मागच्या ऊसतोडीच्या हंगामातला. टोळ्या गाव सोडून पंधरवडा झाला होता. अर्ध्या घरांना कुलपं होती, आणि थांब्यावर कुत्री सोडून फारसं कुणी दिसत नव्हतं. अशात एका मुलीचा सरकारी नर्सिंग कॉलेजला नंबर लागला. मुलगी बारावी सायन्स झालेली, आईबाप टोळीबरोबर गेलेले, ही चुलतीकडे राहिलेली. शेवटच्या फेरीची यादी तिने माझ्याच कॉम्प्युटरवर पाहिली. स्वतःचं नाव दिसल्यावर तिने ते बोट लावून तीनदा वाचलं. मला इतका आनंद झाला की मी तिला चहा पाजला, जो मी गिऱ्हाइकांना कधी पाजत नाही.

आता एकच काम उरलं होतं. तिच्या लॉगिनमध्ये जाऊन सीट स्वीकारायची. मुदत तीन दिवसांची, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. स्वीकारली नाही तर सीट पुढच्याला जाणार, आणि ही मुलगी आईबापामागे उसाच्या फडात. तिसरी वाट नव्हती. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"आत्ताच करून टाकू," मी म्हटलं.

"आईला विचारते, ताई," ती म्हणाली.

आई फोनवर म्हणाली, "दोन दिस थांब. तुज्या बापाशी बोलून सांगते." मी मनातल्या मनात चरफडले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आईचा निरोप आला, घे म्हणून. तोवर मी शटर ओढलं होतं. उद्या सकाळी नऊला ये, असं मी मुलीला सांगितलं. दोन दिवस आईने घालवले आणि ती दुसरी संध्याकाळ मी, हे इथेच कबूल करून टाकते.

सकाळी नऊला ती आली, आणि नेट नव्हतं.

आधी मी राऊटरला शिव्या घातल्या. मग मोबाईल बघितला, तोही कोरडा. कॉल लागत होते, साधे मेसेज येत होते, पण इंटरनेट म्हणून काही नाही. तासाभराने कळलं, की तालुक्यात दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी स्टेटसवरून दोन गटांत दगडफेक झाली होती आणि सरकारने खबरदारी म्हणून सगळ्या तालुक्याचं नेट बंद केलं होतं. आमच्या गावात त्या दिवशी दगड सोडा, मोठ्याने शिंकलंसुद्धा कुणी नव्हतं.

मी तडक तलाठ्यांकडे गेले. मुलगी माझ्या मागे, हातात कागदांची पिशवी.

"भाऊसाहेब, नेट किती वाजता सुरू होणार?"

"पुढील आदेश येईपर्यंत बंद."

"मग हाच आदेश दाखवा की. असा आदेश लोकांना बघायला मिळाला पाहिजे, तसा नियमच आहे. कुणी काढला, कशासाठी काढला, कधीपर्यंत आहे, सगळं त्यात लिहावं लागतं."

भाऊसाहेब भला माणूस. त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, "आलाय हो. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलाय. पण पीडीएफ उघडंना."

"का उघडंना?"

"नेट नाही ना."

मला हसूही आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. मुलगी हसली नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजायला आले होते.

(तो आदेश मी वाचला, पण पुढे नेट सुरू झाल्यावर. दोन पानांचा होता. अफवा पसरू नयेत, शांतता राहावी, सगळं ठीकच लिहिलं होतं. शांतता मलाही हवीच असते. पण ज्यांचं त्या दिवशी काम अडलं त्यांनी जायचं कुणाकडे, याची एक ओळ त्यात नव्हती.)

दुपार आम्ही वाट बघण्यात घालवली. दर पाच मिनिटांनी मी फोन बंद करून चालू करायची, जसं काही तो माझ्यावर रुसला होता. पावणेचारला थांब्यावर एक दूधवाला उतरला आणि सहज बोलून गेला, "वर हद्दीवर लई गर्दी हाय. तितं धाराशिवचा टावर घावतोय."

मी ताडकन उठले. लॅपटॉप पिशवीत, पिशवी मुलीच्या मांडीवर, मुलगी माझ्या स्कूटीवर. नऊ किलोमीटर रस्ता, त्यातला निम्मा खोदलेला. त्या दिवशी मी गाडी अशी हाणली की रस्त्यातल्या शेळ्या आपणहून बाजूला झाल्या. खरं सांगते, भीती वाटायच्या ऐवजी मला मजा येत होती. सकाळपासून हातावर हात धरून बसले होते, आता निदान काहीतरी करत होते.

माथ्यावर जिल्ह्याच्या हद्दीचा फलक आहे. त्यावर आपल्या जिल्ह्याचं नवं नाव ताजं रंगवलेलं. फलकाच्या अलीकडे माणूस नाही, आणि पलीकडे शंभर पावलांवर एका लिंबाखाली जत्रा भरलेली. मुख्याध्यापक शाळेची हजेरी भरत होते. एक जवान पोरगा आपल्या परीक्षेचं हॉलतिकीट काढून ते पुनःपुन्हा बघत होता. पोलिसांची एक गाडीही उभी होती, तालुक्यात शांतता असल्याचा अहवाल पाठवायला. आणि सगळ्यांवर कडी आमच्या गावच्या रेशन दुकानदाराची. त्याने अंगठ्याचं मशीन आणि आठ-दहा म्हाताऱ्या माणसांना टेम्पोत घालून वर आणलं होतं. अंगठा उठल्याशिवाय धान्य नाही, आणि नेटशिवाय अंगठा उठत नाही. एक म्हातारी टेम्पोतून उतरता उतरता म्हणाली, "आजवर आंगठा गावातच उठत हुता, आता परमुलखात न्यावा लागतोय."

सगळे हसले, मीही हसले. पण आत कुठेतरी पेटलं. दगड मारणारे मूठभर, त्यांना पकडा की. पण हात बांधले ते या म्हातारीचे, या मास्तरांचे, माझ्याबरोबर आलेल्या या मुलीचे. आणि आम्ही सगळे कसे, तर चोरून पाणी भरायला आल्यासारखे दुसऱ्याच्या हद्दीत उभे.

लिंबाच्या बुंध्याला टेकून मी लॅपटॉप उघडला, माझ्या फोनला जोडला. चार वाजून वीस मिनिटं. पान उघडलं. मुलीने पासवर्ड टाकला, तिचं नाव आलं, कॉलेजचं नाव आलं. 'स्वीकार' दाबलं आणि खाली ओळ आली, की नोंदणी केलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे, तो दहा मिनिटांत भरा.

"तुझा नंबर कुठला दिलाय?" मी विचारलं.

"तुमीच टाकला हुता, ताई. मुकादम मामांचा."

आमच्याकडे ही रीतच आहे. टोळीतल्या निम्म्या घरांत धड फोन नाही, असला तर नंबर दर हंगामाला बदलतो. म्हणून शाळेत, रेशनला, बँकेत, सगळीकडे मुकादमाचा नंबर. टोळी नेणारा माणूस, त्याचा फोन कायम चालू. मीही काही विचार न करता तोच टाकला होता. आता तो फोन दीड-दोनशे किलोमीटर दूर कुठल्यातरी फडात होता.

माझ्या फोनवरून कॉल केला की लॅपटॉपचं नेट तुटायचं. म्हणून रेशनवाल्याचा फोन घेतला आणि मुकादमाला लावला.

"मुकादम, मी ई-सेवावाली ताई. तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आलेत, तेवढे सांगा."

तिकडून आवाज आला, "ओटीपी व्हय? त्यो कुनाला सांगायचा नसतो."

"अहो, मीच मागतेय."

"आमच्या गावच्या ताईनी शिकिवलंय, मी सोता फोन क्येला तरी सांगायचा न्हाई म्हनून. आन हा नंबर बी तिचा न्हाई."

टोळी निघायच्या आदल्या आठवड्यात मीच विहारात सगळ्या मुकादमांना बसवून हे शिकवलं होतं. प्रत्येकाकडून तीन-तीनदा वदवून घेतलं होतं. एवढी वर्षं शिकवतेय, कुणी म्हणून ऐकत नाही. ऐकलं ते या एकाने, आणि तेही आजच.

मी फोन स्पीकरवर टाकून मुलीला दिला. "मामा, मी बोलत्येय. माझी नर्सिंगची सीट जाईल."

"आवाज तुजाच हाय, पोरी. पन आजकाल आवाज बी नकली करत्यात."

हेही मीच शिकवलं होतं. दहा मिनिटं संपली. मी पुन्हा ओटीपी मागवला. पाचला अठरा कमी. रेशनवाला अंगठे घ्यायचं थांबवून आमच्याकडे बघत होता, टेम्पोतल्या म्हाताऱ्याही बघत होत्या.

"मामा," मुलगी म्हणाली, "मला सांगू नका. माझ्या आईला फोन द्या. ती बघंल काय करायचं ते."

मुकादमाला हे पटलं. फोनमधून उसाच्या पाचटावर पावलं वाजायला लागली. तो चालत होता, आणि आम्ही सगळे इथे फोनभोवती गोळा झालो होतो. त्याच्या हाका ऐकू आल्या. कुणीतरी लांबून ओ दिली. मग आई आली, धापा टाकत.

"बोल गं."

आईने काही खात्री करून घेतली नाही. आपल्या लेकीचा आवाज तिला नकली वाटला नाही. तिला अक्षर वाचता येत नाही, आकडे येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरचे नंबर बघून ती आपल्या टोळीची गाडी ओळखते. पण उन्हात फोनवर काही दिसेना. "थांब, डोक्यावर पदर घेते," ती म्हणाली, आणि मग पदराच्या सावलीत एकेक आकडा वाचू लागली. चार. शून्य. सात. मुलगी मोठ्याने म्हणत होती, मी टाकत होते. घाईत पाचवा आकडा चुकला, खोडून पुन्हा टाकला.

चक्र फिरलं. फिरतच राहिलं. मग पान बदललं आणि हिरव्या अक्षरांत आलं, की आपली सीट निश्चित झाली आहे. पाचला नऊ कमी होते.

मी ओरडले. लाज वाटावी इतकी ओरडले. रेशनवाल्याने टाळ्या वाजवल्या, टेम्पोतल्या म्हाताऱ्यांनी काय झालं ते न कळताही वाजवल्या, हॉलतिकीटवाल्याने मुलीला नमस्कार केला. पोलिसांनी काय दंगा झाला म्हणून वळून पाहिलं. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालालाही झाला नव्हता.

फोन अजून चालूच होता. तिकडून आईने विचारलं, "झालं का?"

"झालं, आई."

आई म्हणाली, "बरं झालं. तुज्यासाटी एक कोयता आनून ठिवला हुता. हाताला लागू नये म्हनून मुठीला चिंध्या गुंडाळल्या हुत्या. आता सोडत्ये त्या."

मुलीने फोन रेशनवाल्याला परत दिला, आणि लॅपटॉपवरची ती हिरवी ओळ पुन्हा एकदा बोट लावून वाचली.