मागची सीट नसलेली गाडी

मागच्या महिन्यातल्या एका रविवारची सकाळ. मी, नवरा प्रशांत आणि माझ्या सासूबाई, असे तिघं सातपूरला प्रशांतच्या वर्कशॉपवर गेलो होतो. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणं हे त्याचं काम, आणि त्या दिवशी एक अमेरिकन गाडी मालकाकडे परत जाणार होती.

मालक पुण्याचे, दुर्मिळ गाड्या जमवणारे. फोनवर म्हणाले होते, न्यायला ट्रक यायच्या आधी घरच्यांना एक चक्कर मारून आणा... एकच, आणि फार लांब नको. कित्येक महिने नवरा घरी कमी आणि त्या गाडीखाली जास्त होता, त्यामुळे घरच्यांचा तेवढा हक्क आहेच, असं माझं स्पष्ट मत.

आता गाडीबद्दल थोडं. साठच्या दशकातली मसल कार... म्हणजे भलंमोठं इंजिन आणि सरळ रस्त्यावर सुसाट पळायचं, एवढंच तिला ठाऊक. शर्यतीसाठी कंपनीने अशा मोजक्याच बनवल्या, आणि वजन कमी करायचं म्हणून हाताला लागेल ते काढून टाकलं. बोनेट ॲल्युमिनियमचं, काचा पातळ, रेडिओ नाही, हीटर नाही, पायाखाली मॅटसुद्धा नाही... आणि हे सगळं नाही म्हणूनच ती अनमोल! आपण शोरूममध्ये सीट कव्हर फुकट मिळावं म्हणून हुज्जत घालणारी माणसं, आपल्या डोक्यात हे काही शिरत नाही.

स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे शेजारची सीट उजव्या बाजूला. प्रशांतने तिकडचं दार उघडलं आणि आई सवयीने पुढे गेल्या. गुडघे सांभाळत त्या बुटक्या सीटवर बसल्या, पदर सावरला.

मी आपली त्यांची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन मागचं दार शोधतेय... दार नव्हतंच. वाकून आत बघितलं तर मागे सीटही नव्हती, नुसता रंगवलेला पत्रा.

खरं सांगते, मला राग आला. लग्नाला वीसेक वर्षं झाली, दोन गाड्या झाल्या, पण पुढची सीट आईंची हे कोणी न ठरवता ठरलेलं. त्यांना मागे मळमळतं, गुडघे दुमडत नाहीत... सगळं मान्य. मी मागे, आधी लेकीला मांडीवर घेऊन, नंतर डबे आणि पिशव्या घेऊन. प्रशांतच्या मानेवरचे केस पांढरे व्हायला लागले, ते त्याच्याआधी मला कळलं.

या एका फेरीची मी किती दिवस वाट बघत होते, ते कोणाला बोलले नव्हते. तेव्हाही नाहीच बोलले. म्हटलं, तुम्ही या जाऊन, मी थांबते इथे. आवाज जरा कोरडाच निघाला असावा.

आईंनी मागे वळून तो पत्रा बघितला, मग माझ्याकडे बघितलं... आणि उतरायला लागल्या. बसण्यापेक्षा उतरणं अवघड होतं, प्रशांतने हात दिला. "मला नाय जायचं. तू बस," म्हणाल्या.

मी नको नको करत राहिले. तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. सासऱ्यांचा टेम्पो होता, निफाडकडून टोमॅटो घेऊन नाशिकच्या मार्केटला यायचे. पुढे सासऱ्यांचे वडील, नाहीतर भाऊ... आणि आई मागे, टोमॅटो भरलेल्या क्रेटवर.

"पुढं बसायची लय हौस होती गं. त्यांच्या शेजारी बसले ती एकदाच, त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा... गाडी दुसराच कोणी चालवत होता. मग लेकाच्या गाडीत हौस भागवून घेतली मी. तुझी राहिली, हे ध्यानातच आलं नाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

त्र्यंबक रोडने बेळगाव ढगा या गावापर्यंत गेलो आणि परत आलो. समोरून येणारे लोक मलाच ड्रायव्हर समजून बघत होते, आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवून निवांत बसलेली. आवाज अडवणारं सगळं कंपनीने काढून टाकलेलं, त्यामुळे एवढ्या वर्षांनी नवऱ्याशेजारी बसले आणि त्याचा एक शब्द ऐकू येईना... दोघं नुसते हसत होतो. फार मजा आली.

ट्रक आला, गाडी गेली.

परवा पैठणी घ्यायला येवल्याला गेलो, आमच्या साध्या गाडीतून. जाताना आई पुढे बसल्या, सवयच ती. येताना विंचूरला चहाला थांबलो, पैसे देऊन गाडीपाशी येते तर त्या मागे बसलेल्या... डोळे मिटून, मळमळू नये म्हणून नाकाशी लिंबू धरून. मी उठवायला गेले, तर डोळे न उघडताच हाताने "पुढं जा" अशी खूण केली.

मी पुढे बसले. थोड्या वेळाने लक्षात आलं, प्रशांत गाडी चालवताना गुणगुणतो. अगदी हळू, स्वतःशीच... मागे कधी ऐकूच आलं नव्हतं.

घरी आल्यावर आईंना हे सांगितलं, मोठा शोध लागल्यासारखं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला ठाऊक हाय की. म्हणून तर ती सीट सोडवत नव्हती."

आता आमचं ठरलंय... जाताना त्या पुढे, येताना मी. थँक यू, आई.