बिशपच्या चौकातलं चेंबर

मुकादम तापट आहे, हे साऱ्या वॉर्डाला माहीत होतं. दिवसातून चार वेळा तो कोणावर तरी खेकसायचाच. त्या सकाळी मात्र तो ओरडला नाही, म्हणून गटारसफाईची त्याची माणसं टरकली.

चौकाला बिशपचं नाव द्यायचं होतं. बिशपना वारून दोन वर्षं झाली होती. मांडव, खुर्च्या, पडद्याआड संगमरवरी पाटी, सगळं जय्यत. आणि मंचापासून दहा पावलांवर तुंबलेलं चेंबर. वासानं डोकं उठत होतं. गाळ ओढणारी गाडी तीन आठवडे बिघडून पडलेली.

पालिकेचा इंजिनियर म्हणाला, "माणूस उतरवा, मुकादम. अकराला पाहुणे येतात."

"कोणाला उतरवू?"

"तुमचा जावई आहे ना. अंगानं बारीक आहे."

जावई कमरेला दोर बांधू लागलाही होता. नोकरी अजून कायम व्हायची होती. नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. मुकादमानं दोर हिसकावला, पायानं झाकण चेंबरवर सरकवलं आणि त्यावर बसला.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ अशाच चेंबरमध्ये उतरला आणि वर आला नाही. साहेबलोक म्हणाले, प्यायलेला होता. ज्यानं आयुष्यात थेंब चाखला नाही, तो! बिशप आले तेव्हा मुकादम त्यांच्याच अंगावर धावून गेला होता. "प्रार्थना म्हणायला आलात? आधी वर काढा त्याला!"

 बिशप पांढऱ्या झग्यानिशी चिखलात बसले, भावाला वर काढेपर्यंत चार तास. दुसऱ्या दिवशी घरी आले ते वही घेऊन. "खाली काय काय होतं, ते सांग." ती वही घेऊन त्यांनी दोन वर्षं पालिका आणि कोर्टाचे उंबरे झिजवले. चर्चमधली बडी मंडळी कुरकुरली, बिशपनं गटारात नाक खुपसू नये. रविवारच्या मिस्सेच्या प्रवचनात बिशप म्हणाले, "खुपसल्याशिवाय वास कसा कळणार?" शेवटी नियम झाला, माणूस आत उतरवायचा नाही. गाडी आली ती त्यामुळे.

"उठा," इंजिनियर म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे."

"माझा भाऊ चार मिनिटांत गेला."

"सस्पेंड करीन."

"करा. लेखी द्या. बिशपच्या नावाच्या पाटीसाठी माणूस गटारात घालायचा होता, मुकादम नाही म्हणाला, असं लिहा. आणि खाली सही ठोका."

इंजिनियरनं पेन खिशातून काढलं नाही. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या.

समारंभ वासातच झाला. नाकाला रुमाल लावून एकेकानं भाषण केलं. दीनांचा कैवारी, त्यागमूर्ती, श्रद्धेचा दीपस्तंभ! गटार हा शब्द एकाच्याही तोंडून निघेना. मुकादम झाकणावर बसून ऐकत होता आणि प्रत्येक विशेषणासरशी त्याचं डोकं आणखी फिरत होतं. शेवटी तो ओरडलाच, "गाडी का बंद आहे, तेही सांगा की!"

 अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानले.

दुपारी सस्पेंशनचं पत्र आलं. कारण: उद्धट वर्तन. तीन आठवडे मिळत नव्हता तो गाडीचा सुटा भाग तिसऱ्या दिवशी मिळाला. मुकादम पाच आठवडे घरी बसला. त्याला परत घेतलं. जावयाचं कायम होणं मात्र वर्षभर लांबलं.

मुलगी येऊन भांडली. "बाबा, तुमच्या रागापायी आमचं वर्ष गेलं."

"गेलं. कबूल आहे."

"एकदा तो उतरला असता तर काय झालं असतं?"

मुकादमाचा आवाज चढला. "तुझ्या काकूला जाऊन विचार!"

 मुलगी चपला घालून निघून गेली, आणि दोन महिने बापाशी बोलली नाही.