पूजेतला मल्टिमीटर

किल्लारीच्या भूकंपानंतर आमची हवाई दलाची छोटी तुकडी लातूरच्या धावपट्टीवर होती. मी सार्जंट, इलेक्ट्रिकल फिटर, गाव अहमदपूर. जोडीदार कॉर्पोरल सलीम, इंजिन फिटर, मुदखेडचा. आमच्यावर वॉरंट ऑफिसर माने, साताऱ्याकडचे. एक लहान, एका पंख्याचं विमान पुण्याहून रक्ताच्या बाटल्या आणायचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पायलटने उतरल्यावर स्विच ऑफ केला. इंजिन चालूच राहिलं. शेवटी पेट्रोल तोडून बंद करावं लागलं.

आता माझ्या घरी भाड्याने राहणारी कोचिंगची मुलं ही गोष्ट ऐकताना इथेच अडवतात. स्विच बंद, तरी इंजिन चालू कसं? दरवर्षी नवी मुलं, तोच प्रश्न. मॅग्नेटो म्हणजे इंजिनावरचं ठिणगीचं यंत्र, त्याला बॅटरी लागत नाही. पंखा फिरला की तो स्वतःच ठिणगी पाडतो. स्विच ऑफ केला की एका तारेतून ती वीज विमानाच्या सांगाड्यात जिरते. तार तुटली तर स्विचला काही अर्थ नाही. उभ्या विमानाचा पंखा नुसता हाताने हलवला तरी इंजिन झटका देऊ शकतं.

पायलटचं म्हणणं, स्विचच खराब. पॅनल उघडून मी स्विच मीटरवर तपासला. ठणठणीत. म्हणजे पुढची तार. तोवर अंधार पडला. पंख्याला धोक्याची लाल पाटी बांधून आम्ही तंबूत आलो.

सकाळी पाहतो तर टूलबॉक्स रिकामा. माने साहेबांनी सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. पाने, पकडी, माझा मल्टिमीटर. त्याच्या काचेवर कुंकू.

सलीम म्हणाला, "सार्जंट, तुमचं मीटर बी देव झालं की ओ. आता नवस बोला."

मी साहेबांना सांगितलं, विमान धोक्याचं आहे, निदान प्लगच्या तारा तरी सोडू द्या. त्यालाही पाना लागतो.

"पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही. उद्या दसऱ्याला उचला. पाटी आहे ना?"

पुण्याने रेडिओवर विचारलं, विमान कधी? साहेबांनीच उत्तर दिलं, "अनसर्व्हिसेबल. उद्या. आउट."

दुपारी विमानाची पूजा. झेंडूचा हार पंख्याला बांधायचा, म्हणून साहेबांनी पाटी काढून खिशात ठेवली. हार तिरका दिसला. सरळ करायला त्यांनी पात्याला हात घालून पंखा फिरवला.

"साहेब, हटा!"

सलीमने त्यांना पट्ट्याला धरून मागे ओढलं. तेवढ्यात इंजिनने एकच झटका दिला. पातं सलीमच्या डोक्याला लागलं.

विमान होतं, पायलट होता, पण त्या इंजिनावर आता भरवसा ठेवता येत नव्हता. जीपने सोलापूरच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालो. औशाच्या पुढे सलीम गेला. साहेब पुढे बसले होते. ते मागे वळले नाहीत.

दसऱ्याला सकाळी मी मीटर उचलला. काच पुसली. इंजिनामागच्या पत्र्यातून जिथे तार आत येते, तिथे ती रबराच्या आत तुटली होती. वरून अखंड. जोडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

अजून खंडेनवमीला माझ्या घरी हत्यारं पाटावर बसतात. मल्टिमीटर बसत नाही. बायको म्हणते, "अहो, हा पण ठेवा की."

"तो ड्यूटीवर हाय," मी सांगतो, आणि मुदखेडला सलीमच्या भावाला फोन लावतो.