मी काय पाव आहे?

आमच्या सर्व्हररूमवाल्यांचा या पृथ्वीतलावर एकाच गोष्टीवर विश्वास होता, आणि ती म्हणजे त्यांनी स्वतः प्लग बसवलेली आणि स्वतः तीनदा तपासलेली वायर. तीही परवाची असली तर ते चौथ्यांदा तपासत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत मी ऑफिसची व्यवस्था बघते आणि ते नेटवर्क बघायचे. एकवीस वर्षं आमची टेबलं एकाच मजल्यावर होती. माझं निम्मं काम याद्या करण्याचं, म्हणून ते मला ‘यादीबाई’ म्हणायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे वापरात नव्हतं. शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांसाठी ते सर्व्हररूमवाले.

दुधाच्या पिशवीवरची तारीख सगळेच वाचतात, हे दुकानदाराला विचारायचे, “पण ही तारीख छापतो कोण?” साकीनाक्याहून रिक्षाने येताना त्यांचा एक डोळा मीटरवर आणि दुसरा मनगटावरच्या घड्याळावर असे, आणि उतरताना “मीटर बरोबर आहे रे तुझा” हे वाक्य ते इतक्या निराशेने म्हणत की त्या रिक्षावाल्यालाच अपराधी वाटावं. बाजारात सुके बोंबील घेताना ते एकेका बोंबलाचा वेगळा वास घ्यायचे. शेवटी एकदा कोळीण वैतागून म्हणाली, “काका, बोंबील घेताय की जावई शोधताय?” सर्व्हररूमच्या दाराला कार्ड दाखवून उघडणारं कुलूप होतं, तरी त्याखाली त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक पितळी कुलूप लावलं होतं. “अहो, कार्ड आहे ना दाराला?” असं मी विचारलं तर म्हणाले, “ती कार्डं मीच बनवतो गं. म्हणून तर कुलूप.”

त्यांच्या संशयाला आम्ही हसायचो, पण जरा जपूनच, कारण तो फार वेळा खरा निघे. एका वर्षी ऑफिसची डागडुजी काढली होती. कंत्राटदाराच्या माणसांना छतात एक जाडी वायर सापडली, तिच्यावर ‘बंद’ अशी चिठ्ठी. ते कापायला निघाले. हे शिडीखाली उभे राहून ओरडले, “चिठ्ठी कुणी लावली? त्याला बोलव आधी!” चिठ्ठी लावणारा दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. मग सर्व्हररूमवाले डबा बाजूला ठेवून त्या वायरीच्या मागे निघाले, या छतातून त्या छतात, गुडघ्यांवर, केसांत जळमटं घेऊन, आणि दोन तासांनी बिलिंग विभागाच्या कपाटामागे प्रकटले. आमची सगळी बिलं त्याच ‘बंद’ वायरीतून जात होती. कौतुक करायला मालक स्वतः आले, तर हे म्हणाले, “आता ती चिठ्ठी काढा. आणि मी लावीन त्या चिठ्ठीवरही विश्वास ठेवू नका.”

अशा माणसापुढे सव्वातीन वर्षांपूर्वी एचआरच्या नव्या साहेबांनी एक नियम आणून ठेवला. नेटवर्कच्या लोकांना यापुढे सर्टिफिकेट बघून ग्रेड मिळणार. ज्याच्याकडे मान्यताप्राप्त परीक्षेचं सर्टिफिकेट असेल तो वरच्या ग्रेडमध्ये, नसेल तो ‘सहायक’. त्याची यादी मार्चअखेर तयार हवी होती, आणि ती करायची होती मी. नाव, परीक्षा, मुदत, ग्रेड, असे चार रकाने. तिशीतली नवी इंजिनिअर होती, तिचे सगळे रकाने भरलेले. सर्व्हररूमवाल्यांचे तीन रिकामे. त्यांच्याजवळ एक जुना डिप्लोमा आणि अठरा वर्षांची जळमटं, एवढंच. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरते. आणि सहायक म्हणून त्यांचा पगार आहे तिथेच गोठणार होता. आधीच त्या मुलीचा पगार त्यांच्या दीडपट. मी यादी घेऊन त्यांच्याकडे गेले.

“ही मुदत काय भानगड आहे?” त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

“सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. मग पुन्हा परीक्षा.”

“म्हणजे तीन वर्षांनी मला येतं ते यायचं बंद होणार? मी काय पाव आहे?”

“अहो, तंत्रज्ञान बदलतं, म्हणून...”

“फी पुन्हा भरायची ना? मग ही परीक्षा नाही, यादीबाई. हे रिचार्ज आहे.”

नव्या इंजिनिअर मुलीने भाबडेपणाने सांगून पाहिलं, “सर, द्या ना परीक्षा. झोपेत पास व्हाल तुम्ही.” ती गेल्यावर ते माझ्याकडे वाकून म्हणाले, “ही मला का पाठवतेय? हिला काय मिळतं त्यात?” या मुलीवर त्यांचा राग नव्हता. ती रुजू झाली त्या दिवशी तिचं सर्टिफिकेट न बघता त्यांनी तिच्या हातात वायरीचं टोक दिलं होतं. तिने एका मिनिटात सुरेख प्लग बसवला. त्यावर हे आठवडाभर काळजीत. “पहिल्याच फटक्यात इतकं चांगलं कुणी करतं होय?”

मार्चचा शेवटचा आठवडा आला, तशी माझीच झोप उडाली. आणि एका सोमवारी सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. शनिवारी अंधेरीच्या केंद्रावर जाऊन ते गुपचूप परीक्षा देऊन आले होते. पास. तेही जवळजवळ पैकीच्या पैकी. “तारीख बघ,” ते म्हणाले. “तीन वर्षांनी मुदत संपते त्याच आठवड्यात मी निवृत्त. दुसऱ्यांदा एक पैसा देणार नाही त्यांना.”

मी अभिनंदन केलं, रकाने भरले, आणि माझ्या मनात नको तो किडा शिरला. या परीक्षांचे प्रश्न उत्तरांसकट व्हॉट्सॲपवर फिरतात, लोक ते घोकून पास होतात, असं मी स्वतः त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. आणि गेले दोन महिने मी सर्व्हररूममध्ये डोकावले की ते एक कागदांचा गठ्ठा घाईने ड्रॉवरमध्ये सारत होते. अठरा वर्षांत ज्या माणसाने मला एक खोटी गोष्ट सांगितली नव्हती, त्याच्या सर्टिफिकेटचा नंबर मी त्या दुपारी परीक्षेच्या वेबसाइटवर टाकून पाहिला. एकदा नाही, तीनदा. बाकी कुणाचा टाकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते आले आणि दार लोटून उभे राहिले.

“काल चारच्या सुमारास त्या साइटवर गेली होतीस. तीनदा.”

ऑफिसातून कोण कुठल्या साइटवर जातं हे ज्या माणसाला दिसतं, त्याच्याच पाठीमागे मी हे केलं होतं. माझे कान तापले. “नियमच आहे तसा, सगळ्यांचंच तपासायचं असतं...” मी पुटपुटले.

“खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही. ते राहू दे.” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “खरं आहे ना ते? म्हणजे, नाव येतं ना माझं?”

त्यांनी स्वतः तपासलंच नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट तपासायला त्यांना भीती वाटली होती.

“येतं,” मी म्हटलं. “तिन्ही वेळा आलं.”

“हां. मग ठीक.” ते समोरच्या खुर्चीत बसले. मग उठून गेले आणि ड्रॉवरमधला तो गठ्ठा आणून माझ्यापुढे टाकला. आत वहीचे पाठकोरे कागद होते आणि प्रत्येकावर आखून दोन रकाने, ‘पुस्तक म्हणतं’ आणि ‘मी पाहिलं’. परीक्षेच्या पुस्तकातलं प्रत्येक उत्तर त्यांनी भंगारात काढलेल्या दोन यंत्रांवर स्वतः जोडून पाहिलं होतं, कारण पुस्तक छापणाऱ्याची त्यांना खात्री नव्हती. तीन ठिकाणी पुस्तक चुकलेलं होतं. तिथे लाल पेनाने, मोठ्या समाधानाने लिहिलं होतं, ‘वाटलंच होतं.’ इतकी सुबक यादी मी जन्मात केलेली नाही.

एप्रिलपासून त्यांचा पगार दोन ग्रेडने वर गेला. आम्हाला पेढे दिले खरे, पण चेहरा चोरीचा माल वाटल्यासारखा. “यादीबाई, हिशेब कर,” ते म्हणाले. “शुक्रवारी मला जे येत होतं तेच सोमवारीही येत होतं. मग अठरा वर्षं मला कमी देत होते, की आता जास्त देतायत? दोन्हींत कुणीतरी चोर आहे.” नंतर मी एचआरच्या साहेबांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, “मॅडम, बाजारभाव असतो.” मी हा निरोप पोचवला, तर सर्व्हररूमवाले म्हणाले, “बाजारभाव मला सांगू नको. बोंबील तरी हुंगून घेता येतो.”

गेल्या मार्चमध्ये ते ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले. जाताना पितळी कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली. “दुसरी नाही,” म्हणाले. मग जिन्यापर्यंत जाऊन परत आले. “म्हणजे एक आहे. ती माझ्याकडे राहील.” मी त्यांना सर्टिफिकेट द्यायला लागले, तर हात मागे घेतला. “शिळा पाव घरी नेऊन काय करू? असू दे तुझ्या फाइलीत.”

यादीत त्यांच्या नावापुढचा मुदतीचा रकाना आता आपोआप लाल झाला आहे. ती ओळ काढून टाका, असं साहेबांनी दोनदा सांगितलं. काढते म्हणते आणि राहून जातं. परवा दुपारी त्यांचा फोन आला. हल्ली ते जुहूला चालायला जातात, तिथल्या भेळवाल्याची चिंच खरी नाही, असं बरंच काही बोलून झालं. मग म्हणाले, “ते माझं सर्टिफिकेट आहे ना फाइलीत?”

“आहे हो.”

“बघून सांगतेस की नुसतीच सांगतेस?”

मी उठले, कपाट उघडलं, फाइल काढली. कागद जागेवर होता.

“बघून सांगते,” मी म्हटलं. “आहे.”

“नाव बरोबर?”

मी त्यांना त्यांचं नाव वाचून दाखवलं, सगळं, वडिलांच्या नावासकट. एकवीस वर्षांत ते मोठ्याने उच्चारायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

“बरं,” ते म्हणाले. “तू म्हणतेस तर असेल.”