पुकारा

आमच्या कोर्टातले ते पट्टेवाले मालवणकडचे. त्यांनी पुकारा केला की खाली चहाच्या टपरीवर बसलेला साक्षीदारही धावत वर येतो. मी काम करते त्या संस्थेतल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन मी मुलुंडहून पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा मला त्या आवाजाचीच धास्ती वाटली. तिला विकणारा माणूस जामिनावर सुटून समोरच्याच बाकावर बसला होता, कारण मुलांसाठीची वेगळी खोली म्हणे आज बंद होती. आता हा पट्टेवाला बाबा तिचं नाव अख्ख्या इमारतीला ऐकवणार!

पट्टेवाले आले, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि पुटपुटले, "चल गो बाय, मॅडम बोलवतायत."

आत गेलो तर त्या माणसाचे वकील गैरहजर. पुढची तारीख. आता हे नेहमीचंच झालंय. जे विसरायचं ते पोरगी दर तारखेला आठवून येते आणि साक्ष न होताच परत जाते.

तो माणूस मात्र दारातच उभा असला तरी पट्टेवाले त्याचं नाव, बापाच्या नावासकट, तीनदा पुकारतात. एकदा मी म्हटलं, "काका, समोरच तर आहे ना तो!"

"असूंदे. टपरीवाल्याक पण कळूंदे."

त्या तीन हाकांपुरती पोरगी मान वर करून बसते.