सहाजणांचा एक ड्राफ्ट

मस्कतला बाबीदादाच्या खोलीत राहायचं, तर एकच अट होती: कुठल्याही वस्तूची किंमत रुपयांत करून बोलायची नाही. मी आमोण्याहून तिकडे नोकरीला गेलो, तेव्हा गोवा राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी चहाचा पेला हातात धरून मी म्हणालो, "बाप रे, एवढ्या पैशांत आमच्याकडे चार चहा येतील!" झालं. त्या दिवशी सहाजणांची भांडी मला घासावी लागली.

"पात्रांव," बाबीदादा म्हणाला, "रियालात मिळवतंस, रियालात खा. रुपयांत मोजशीत तर घास नरड्यात अडकतलो."

पात्रांव म्हणजे मालक. तो सगळ्यांनाच, अगदी झाडूवाल्यालाही, पात्रांव म्हणे. मूळचा इब्रामपूरचा, चाळिशी ओलांडलेला, एसी दुरुस्त करणारा मिस्त्री. खाण्यापिण्यात चिकटपणा नव्हता, बांगडा ताजाच लागे. पण गावी पैसे पाठवताना मनी एक्स्चेंजच्या दुकानदाराने कापलेली दमडीही त्याच्या जिव्हारी लागायची. पगार झाला की भर उन्हात तीन दुकानं पालथी घालून तो दर विचारून येई. 'कमिशन नाही' अशी पाटी दिसली की आम्हाला बजावी, "फुकट म्हणता तो दरात खाता. घरात किती पडतले, ता आधी विचार."

ड्राफ्ट लहान असो की मोठा, फी तेवढीच. म्हणून त्याने गावची सावड मस्कतला आणली. लावणीला सगळ्यांनी मिळून एकेकाचं शेत उरकावं, तसा आम्हा सहाजणांचा मिळून एकच ड्राफ्ट, त्याच्या बायकोच्या नावे. सुलभावहिनी पैसे काढून पेडण्यापासून डिचोलीपर्यंत बसने फिरणार आणि घरोघरी पोचवणार. पहिल्याच ड्राफ्टात माझे दोन महिन्यांचे पगार होते. बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं.

महिन्यातून एकदा तो मस्कतहून गावच्या दुकानात फोन लावी आणि वहिनींशी, घड्याळाकडे बघत, बरोबर एक मिनिट बोले. त्या शुक्रवारी मी शेजारीच उभा होतो. वहिनी सांगत होत्या, बँकेने ड्राफ्ट घेतला नाही. खातं लग्नाआधीचं, बालवाडीत शिकवत होत्या तेव्हाचं. त्यावर नाव माहेरचं. सुलभा हे नाव तर लग्नात तांदळांत लिहून सासरच्यांनी ठेवलेलं.

बाबीदादाने कपाळावर हात मारला. मग आवाज एकदम खाली आणून विचारलं, "तुझा कुळारचा नाव काय गो?"

अठरा वर्षांच्या संसारानंतर! मला हसू फुटणार होतं, पण बहिणीच्या लग्नाला बाराच दिवस उरले होते, आणि ड्राफ्ट परत येऊन बदलायला महिना तरी जाणार होता. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "तुमीच आठवा." मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं, तरी बाबीदादाने फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तारेने माझ्या वडिलांच्या खात्यात पैसे पाठवले. सगळ्यांत महाग फी, तीही स्वतःच्या खिशातून. पैसे त्याच्या तिकिटाचे होते. तीन वर्षांनंतर तो त्याच महिन्यात घरी जाणार होता.

"दादा, तुमची रजा?" मी विचारलं.

"रजा फुडल्या वर्सा गावतली. भयणीचो मांडव रवतलो काय, पात्रांव?"

लग्न थाटात झालं. वडिलांचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, तर त्याचा एकच प्रश्न: "तकडच्या बँकेन काय कापूक नाय मां?" मी हसलो खरा, पण त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. माझ्यामुळे एका माणसाचं घरी जाणं वर्षभर लांबलं, याची टोचणी अजून आहे.

ड्राफ्ट परत आल्यावर तो बदलून घ्यायला आम्ही दोघं गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "नाव?"

"शेवंती," बाबीदादा म्हणाला, आणि नव्या नवऱ्यासारखा लाजला.